नळीला नंबर नसतो

हणमंतराव मुळीक तसे शांत माणूस. चाळीस वर्षं कराडात गाड्यांखाली उताणं पडून काढली, पण गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ही कीर्ती टिकवणं मात्र गेल्या तीन वर्षांत जड जाऊ लागलं होतं. कारण गिऱ्हाईक एकटं येईनासं झालं होतं. ते हातात फोन घेऊन यायचं, आणि गाडीला काय झालंय ते फोनच सांगायचा.

त्या शनिवारी सकाळी घाटगे सर आले तेही फोन पुढे धरूनच.

"मुळीक, फार उस्तवार करू नका. फक्त पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलायचा आहे."

घाटगे सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. बॉनेट कुठली खिट्टी ओढल्यावर उघडतं हे त्यांना तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. आता ते हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाबद्दल बोलत, तेही वर्गावर बोलावं तसं.

"सर, गाडीला होतंय काय?" हणमंतरावांनी चिंधीला हात पुसत विचारलं.

"सांगितलं की. सेन्सर."

"ते औषध झालं. दुखतंय कुठं ते सांगा."

"ते नाडीनं बघितलंय. खात्री चौऱ्याण्णव टक्के. तुम्ही फक्त बदला."

हणमंतरावांनी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. हल्ली ते वीसपर्यंतही जात.

ही नाडी म्हणजे अंगठ्याएवढी एक डबी. प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा खाचांचं एक सॉकेट असतं. इंजिनावर नजर ठेवणारा छोटा संगणक काही बिनसलं की एक क्रमांक लिहून ठेवतो, आणि तो क्रमांक या सॉकेटमधून वाचता येतो. पूर्वी अशी वाचणारी यंत्रं मेकॅनिककडेच असत. मग ती स्वस्त झाली आणि फोनला जोडून कुणीही घरच्या घरी वाचू लागलं. तिथवर हणमंतरावांची काही तक्रार नव्हती, कारण क्रमांक फक्त गाऱ्हाणं सांगतो. 'इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी' एवढंच तो म्हणणार. हवा कुठून शिरली ते शोधायला माणूसच लागायचा.

नाडीनं त्या माणसाचं काम स्वतःकडे घेतलं. तिच्यात इंजिनाची थरथर टिपणारा एक बारीक पुर्जा होता आणि तिच्या पाठीशी लाखो गाड्यांचा अनुभव. गाडी अमुक प्रकारे थरथरली, अमुक क्रमांक आला, तेव्हा काय बदलल्यावर ती बरी झाली, हे सगळं तिला पाठ असे. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती विचारायची, काय बदललं आणि गाडी बरी झाली का. मिळालेलं उत्तर हाच तिचा धडा. त्यातही ज्या भागातली गाडी, त्या भागातल्या धड्यांना ती जास्त मान द्यायची, कारण घाटातल्या गाड्यांची दुखणी वेगळी आणि समुद्राकाठच्या गाड्यांची वेगळी.

हणमंतरावांनी इंजिन चालू ठेवलं, रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवत नेलं. एका जागी थांबून त्यांनी तो तुकडा सरांच्या कानाला लावला.

"फुसफुस येतीय न्हवं? हवेची नळी चिरलीय. सेन्सर बिचारा हवा जास्त झाली म्हणून वरडतोय. वरडणाऱ्यालाच धरून बडवायचं का?"

सरांनी ऐकलं, आणि फोनकडे बघत म्हणाले, "पण चौऱ्याण्णव टक्के म्हणजे कमी नाही हो."

हणमंतरावांनी भिंतीवरच्या गुंडाळीतून वीतभर नळी कापली, बसवली, दोन क्लिपा आवळल्या. इंजिनाची फुसफुस थांबली. पाच मिनिटांचं काम. खरी कटकट पुढेच होती.

'कोणता भाग बदलला? कृपया भागाचा क्रमांक टाका,' फोन म्हणाला.

गुंडाळीतून कापलेल्या नळीला कुठला आलाय क्रमांक? सुरुवातीला हणमंतराव प्रामाणिकपणे 'कोणताही नाही' लिहायचे. मग फोनवरचा पिवळा त्रिकोण जायचाच नाही. गाडी झकास चालायची, पण गिऱ्हाईक पंधरा दिवस रोज सकाळी तो त्रिकोण दाखवायला यायचं. काहीजण तर चिडून दुसरीकडे जायचे आणि चांगला सेन्सर फेकून नवा बसवून घ्यायचे. हणमंतरावांच्या नाकी नऊ आले. शेवटी एक दिवस त्यांना तोड सापडली. सेन्सरवर क्रमांक छापलेला असतोच. नळी बदलायची, बिलही नळीचंच करायचं, आणि फोनला मात्र गाडीतल्याच जुन्या सेन्सरचा क्रमांक देऊन लिहायचं : सेन्सर बदलला, गाडी बरी झाली. त्रिकोण गायब, गिऱ्हाईक खूश.

माणसाशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. यंत्राशी बोललेलं खोटं ते खोट्यात धरत नसत. गॅरेजवाल्यांच्या संघटनेच्या चहापानात त्यांनी ही युक्ती सगळ्यांना सांगितली, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

सरांच्या फोनलाही त्यांनी तेच उत्तर दिलं आणि सर समाधानानं घरी गेले.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. तेजल चिपळूणला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची. सोमवारी सकाळी गाडी घेऊन घाट उतरायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायची. जावई संग्राम डुबल कराडातच तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचा. पोरगा गुणी होता, तेजलला जपायचा, निर्व्यसनी. हणमंतरावांना त्याच्यात एकच खोट दिसायची. त्याला सगळं ठाऊक असायचं.

"मामा, हे बघा. सेन्सर मी स्वतः बदलला," संग्रामनं पानावर बसल्या बसल्या फोनवरचा फोटो पुढे केला. "पार्किंगमध्ये, व्हिडिओ बघून. मेकॅनिकची गरजच नाही लागली."

"बरं," हणमंतराव म्हणाले. "फरक पडला?"

"त्रिकोण गेला की."

"गाडीला फरक पडला का म्हणतोय मी."

शालनताईंनी बासुंदी वाढता वाढता नवऱ्याकडे असं बघितलं, की हणमंतरावांनी घास तोंडात घातला. मागच्या दिवाळीत त्यांनी संग्रामला चार पाहुण्यांदेखत क्लच कसा जाळू नये यावर ऐकवलं होतं. त्यानंतर जावई चार महिने या घराची पायरी चढला नव्हता आणि त्या चार महिन्यांत शालनताईंनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. इतर गिऱ्हाइकांना कोपरखळी तरी मारता येते. जावयाला सासऱ्यानं काय बोलायचं?

"उभी असताना अजून जराशी थरथरते, आप्पा," तेजल म्हणाली.

"नवा सेन्सर रुळायला दोन-तीनशे किलोमीटर जावे लागतात," संग्राम म्हणाला. "नाडीनंच सांगितलंय. खात्री सत्त्याण्णव टक्के होती, मामा. एवढी कधीच नसते."

"बॉनेट उघडून बघू का जरा?"

"अहो, सुपारी खावा आन् गप पडा घटकाभर," शालनताई म्हणाल्या. "गाडी कशाला उघडताय त्यांची?"

निघताना तेजलनं गाडी मागे घेतली. फाटकाशी तिनं ब्रेक दाबला तसा इंजिनाचा सूर किंचित खाली आला आणि त्यात एक बारीक फुसफुस मिसळली. रस्त्यावरच्या गलक्यात दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती. हणमंतराव एक पाऊल पुढे झाले. संग्रामनं काच खाली केली आणि हसून म्हणाला, "सत्त्याण्णव टक्के, मामा."

मागून शालनताईंनी त्यांचं कोपर धरलं. हणमंतरावांच्या डोक्यात तिडीक गेली, पण ते मूग गिळून गप्प बसले. असेल एखादी नळी, पुढच्या रविवारी जावयाचा डोळा चुकवून बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

सोमवारी साडेआठला ते शटर वर करतायत तोवर घाटगे सर दत्त म्हणून उभे.

"आता काय झालं, सर?"

"काही नाही, अभिनंदन करायला आलोय," सर म्हणाले. "इतिहासाचा माणूस मी. साधनं तपासल्याशिवाय मला राहवत नाही. नाडीत 'पुरावा बघा' म्हणून एक बटण आहे, ते काल दाबलं. हे वाचा."

हणमंतरावांनी चष्मा लावला. निदान कशावरून केलं, तर या भागातल्या चारशे बारा दुरुस्त्यांवरून. त्यांतल्या एकशे अडतीस मुळीक मोटार गॅरेज, कराड. पुढे सोनेरी शिक्का आणि त्याखाली दोन शब्द : विश्वासू तज्ज्ञ.

"तुम्ही तिचे गुरू निघालात की," सर कौतुकानं म्हणाले. "पहिल्या वर्षी हीच नाडी फार पाल्हाळ लावायची. आधी हवेच्या नळ्या तपासा, मग ब्रेकची नळी तपासा, मग सेन्सर. आता सरळ मुद्द्यावर येते. हुशार झाली."

"काय म्हणालात?" हणमंतरावांनी विचारलं. "कसली नळी?"

"ब्रेकची. असते म्हणे अशी काहीतरी."

असते. पेट्रोलचं इंजिन हवा ओढतं, आणि त्या ओढीचाच उपयोग करून ब्रेक दाबणाऱ्या पायाला मदत दिलेली असते. इंजिनापासून ब्रेकमागच्या गोल डब्यापर्यंत एक जाड रबरी नळी जाते. ती चिरली की दोन गोष्टी होतात. इंजिनात जादा हवा शिरते, त्यामुळे ते थरथरतं आणि सेन्सर ओरडतो. आणि ब्रेकची मदत जाते. गावात, सपाट रस्त्यावर ते ध्यानातही येत नाही. घाट उतरताना पाच-सहा वळणांवर लागोपाठ ब्रेक दाबला, नळी गरम होऊन चीर उघडली, की पाय दगडावर दाबल्यासारखा लागतो. नाडीला यातलं फक्त इंजिन कळतं. ब्रेकच्या नळीला वायर नाही, आणि ज्याला वायर नाही ते तिला दिसत नाही.

काल फुसफुस आली होती ती तेजलनं ब्रेक दाबल्यावर.

हणमंतरावांनी तेजलला फोन लावला. 'आपण ज्यांना फोन करत आहात त्या वाहन चालवत आहेत,' असं एक गोड आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला. दोन वर्षांपूर्वीचा नियम. गाडी चालू असली की चालवणाऱ्याचा फोन गप्प. फक्त गाडीच्या मालकानं धाडलेला निरोप गाडी मोठ्यानं वाचून दाखवायची. आणि मालक होता जावई.

"संग्रामराव, मी बोलतोय. तेजल कवा निघाली?"

"आठला. का, मामा?"

"तिला निरोप धाडा. घाट उतरू नको म्हणावं. ब्रेकची नळी गेलीय गाडीची."

पलीकडून एक सुस्कारा आला. वर्गात चौथ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या पोरासाठी मास्तर राखून ठेवतात तसला.

"मामा, कालपासून तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. मी गाडीला हात लावला ते तुम्हाला आवडलं नाही. पण हे मी माझ्या मनानं केलेलं नाही हो. चारशे बारा दुरुस्त्यांचा आधार आहे त्याला."

"त्यातल्या एकशे अडतीस माझ्या हायत."

"मग? तेच तर म्हणतोय."

"त्या खोट्या हायत, संग्रामराव."

घाटगे सरांनी मान वर केली. हणमंतरावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण आवाज खाली आणला नाही.

"नळीला नंबर नसतो. म्हणून मी दर बारीला नळी बदलून सेन्सर लिहिला. बाकीच्यांनी बी माझं बघून तेच लिहिलं. तुमच्या मशीनला मीच शिकवलंय हे. आता माझ्यावर काय वरडायचं ते नंतर वरडा. आधी पोरीला थांबवा."

मग संग्रामचा आवाज आला, एकदम वेगळा. "पाठवतो. मी चौकात येऊन थांबतो, मला घ्या."

हणमंतरावांनी गुंडाळीतून जाड नळी कापली, क्लिपा आणि पान्हे पिशवीत टाकले आणि आपली जुनी जीप काढली. शटर उघडंच राहिलं. घाटगे सर फोन हातात धरून दारातच उभे राहिले.

पाटण येईपर्यंत संग्राम फोनकडे टक लावून बसला होता. 'निरोप पाठवला' एवढंच दिसत होतं. 'वाचून दाखवला' येत नव्हतं. हणमंतरावांनी जीप एवढी दामटली की तिचा पत्रा न् पत्रा बोलायला लागला. जगातलं सगळं शहाणपण ज्याच्यात भरलंय म्हणतात तो फोन, आणि त्याला एक साधा निरोप पोचवता येईना. त्यांना तो खिडकीबाहेर फेकून द्यावासा वाटला. पण राग नेमका कुणाचा आलाय हेही त्यांना कळत होतं, आणि त्यामुळे तो आणखीच वाढत होता.

"मामा," संग्राम फोनवरची नजर न काढता म्हणाला. "मी सेन्सर बसवल्यावर थरथर गेली नव्हती. नाडीनं विचारलं, गाडी बरी झाली का. मी 'हो' दाबलं. एवढे दोन तास घातल्यावर 'नाही' दाबवेना."

हणमंतरावांनी नजर रस्त्यावरच ठेवली. दिवाळीत जेवढं बोलायला हवं होतं त्याहून जास्त त्यांनी बोलून घेतलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. तेजल.

"निरोप आत्ता ऐकला. हेळवाकच्या हॉटेलपाशी थांबलेय," ती म्हणाली. "काय झालंय रे? आणि थांबताना ब्रेक केवढा जड लागला. अक्षरशः दोन्ही पाय ठेवले. इथल्या कट्ट्यापासून हातभरावर गाडी थांबलीय."

हेळवाकपासून घाटाची पहिली वळणं चार-पाच मिनिटांवर. संग्रामनं फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. हणमंतरावांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि गिअर बदलायची वेळ आली तेव्हाच काढला.

हॉटेलबाहेरच्या बाकावर तेजल बसली होती. चहावर साय धरली होती. हणमंतरावांनी आधी बॉनेट उघडलं. नळी वरून शाबूत दिसत होती. क्लिपेजवळ त्यांनी ती जराशी वाकवली, तशी बोटभर लांब चीर उघडली. त्यांनी ती लेकीला आणि जावयाला दाखवली, कापून काढली, नवी बसवली.

"बस आत," ते तेजलला म्हणाले. "गाडी बंदच असू दे. ब्रेक पाच-सहा बारी दाब. घट्ट झाला? आता पाय तसाच दाबून धर आन् गाडी चालू कर."

तिनं चालू केली. पायाखालचा ब्रेक अलगद खाली गेला.

"असा खाली गेला म्हंजे नळी धरतीय."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. नंबराचं, त्रिकोणाचं, चहापानातल्या टाळ्यांचं. काही लपवलं नाही. तेजल ऐकत राहिली. तिचा चेहरा लहानपणी रुसल्यावर व्हायचा तसा झाला नाही. तो दवाखान्यातल्या माणसासारखा झाला, आणि ते त्यांना जास्त लागलं.

"आप्पा, माझ्या लॅबमधलं मशीन कधीकधी रक्ताचा आकडा चुकवतं," ती म्हणाली. "दर वेळी पुन्हा तपासायचा कंटाळा येतो मलाही. डॉक्टर दारात उभे असतात. म्हणून मी त्यांना हवा तो आकडा लिहून दिला असता तर?"

हणमंतरावांनी कापून काढलेली नळी पिशवीत टाकली.

तेवढ्यात गाडीतून आवाज आला. 'इंजिनाच्या हवेत अचानक बदल आढळला आहे. भागाचा क्रमांक नोंदलेला नाही. कृपया गाडी चालवू नका. जवळच्या विश्वासू तज्ज्ञाला दाखवा. मुळीक मोटार गॅरेज, कराड.'

संग्रामला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात दडवलं.

"काय नाही, जा तू आता," हणमंतराव म्हणाले. "गाडी ठीक हाय. तुला उशीर होतोय."

तेजल जागची हलली नाही. तिनं फोनकडे बघितलं, मग बापाकडे, मग पुन्हा फोनकडे. एवढंच. पण सायकल शिकताना ज्यानं मागून धरलंय त्याच्या भरवशावर जिनं पुढे बघून पॅडल मारलं होतं, ती पोरगी आज बापाचा शब्द आणि यंत्राचा शब्द दोन्ही हातांत तोलत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. हणमंतरावांचा जीव तिळतिळ तुटला. एवढं दुःख त्यांना चारचौघांत कुणी खोटारडा म्हटलं असतं तरी झालं नसतं.

"मी बसतो शेजारी," ते म्हणाले. "खालपतोर येतो तुझ्यासंगं."

"मीही येतो," संग्राम म्हणाला आणि मागचं दार उघडून आत बसला.

जीप हॉटेलवाल्याच्या भरवशावर ठेवली आणि तिघं निघाले. पहिल्या वळणावर तेजलनं ब्रेक जपून दाबला, तो लागला. दुसऱ्यावरही लागला. दर दोन मिनिटांनी नाडी गाडी थांबवायला आणि मुळीक मोटार गॅरेजला जायला सांगत होती. पाचव्यांदा ते ऐकल्यावर हणमंतरावांनी खिशातून आपला फोन काढला.

"संग्रामराव, आपली नोंद माघारी घ्यायची असंल तर कुठं दाबायचं?"

संग्राम दोन खुर्च्यांच्या मधून पुढे वाकला. "इथं. पण एकेकच घ्यावी लागेल, मामा. तज्ज्ञानं नोंद मागे घेतली की तिच्यावर बेतलेली निदानं ती लगेच थांबवते. आणि तुमचा शिक्काही जाईल."

"जाऊ दे."

पहिलीच नोंद वडूजच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या गाडीची होती. ती त्यांना लख्ख आठवत होती. नळी बॅटरीच्या मागच्या बाजूला चिरली होती. त्यांनी बटण दाबलं.

'आपण विश्वासू तज्ज्ञ आहात,' फोन म्हणाला. 'आपली नोंद चुकीची असण्याची शक्यता तीन टक्के आहे. तरी मागे घ्यायची आहे?'

"व्हय."

'कारण सांगा.'

"खोटी होती."

'खात्री आहे?'

"आगं बाई, व्हय म्हणतोय न्हवं," हणमंतराव म्हणाले. तेजलच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा त्यांना वाटला, पण ती रस्त्याकडे बघत होती.

उंब्रजच्या वाण्याची निळी गाडी. मसूरच्या सोसायटीच्या सचिवांची. घाटगे सरांची, दोनदा. गाड्या त्यांना माणसांसारख्या आठवत होत्या. कुठली कुठं चिरली होती, कुणाच्या इंजिनात उंदरानं घर केलं होतं. प्रत्येकीला तीन टक्के, प्रत्येकीला कारण, प्रत्येकीला खात्री. अंगठा दुखायला लागला. पंचविसाव्या नोंदीला घाटगे सरांचा फोन आला.

"मुळीक, नाडी म्हणतेय माझं निदान रद्द. सकाळी फोनवर बोललात त्यात माझीही गाडी आली का?"

"व्हय सर. नळीच बदललीय. तुमच्यासमोर. सेन्सर मी खोटा लिवला."

"म्हणजे मूळ साधनच बनावट," सर म्हणाले. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "आणि मी तुमचं अभिनंदन करायला आलो होतो."

"व्हय, सर," हणमंतराव म्हणाले.

घाटाच्या मध्यावर एक करडी गाडी कडेला थांबलेली दिसली. चालवणारा बाहेर उभा राहून 'निदान रद्द' म्हणणाऱ्या फोनकडे वैतागून बघत होता. त्याची बायको बॉनेटची खिट्टी शोधत होती. तेजलनं गाडीचा वेग कमी केला. हणमंतरावांनी काच खाली करून ओरडून सांगितलं, "ब्रेकची नळी बघा आधी. वाकवून बघा." माणसानं कोण हा आगाऊ म्हातारा अशा नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं, पण तो बॉनेटकडे वळला.

एकसष्टाव्या नोंदीला फोनवरचा सोनेरी शिक्का करडा झाला आणि मग दिसेनासा झाला. त्याच वळणावर गाडीतली नाडी पुन्हा बोलली. 'कृपया गाडी चालवू नका. विश्वासू तज्ज्ञाला दाखवा.' मग ती थांबली, जरा जास्तच वेळ. 'क्षमस्व. या भागात विश्वासू तज्ज्ञ उपलब्ध नाही.'

पुढचं वळण अवघड होतं, खाली दरी, समोरून एक ट्रक चढत येत होता. तेजलनं ब्रेक दाबला, गाडी ट्रकला वाट देऊन सावकाश वळली.

"आप्पा," ती समोर बघतच म्हणाली, "पुढच्या रविवारी मागचे ब्रेकपण उघडून बघा. मधनंच किरकिरतात."

"बघाच, मामा," मागून संग्राम म्हणाला. "आईंना मी सांगतो."

"बघतो," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांनी बासष्टाव्या नोंदीवर बोट ठेवलं.